गेट नसलेलं पीक

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन त्याच दिवशी सुरू झालं आणि त्याच तारखेचे दोन कागद दिल्लीत निघाले. एक विदेश व्यापार महासंचालनालयाचा : कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद. दुसरा अन्न मंत्रालयाच्या साखर विभागाचा : चालू इथेनॉल वर्षात उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायचं नाही. एका कागदामागे ग्राहकाच्या फोडणीतला कांदा होता, दुसऱ्यामागे त्याच्या चहातली साखर. लोकसभेची निवडणूक पाच महिन्यांवर आली होती, हे अर्थातच दोन्हींपैकी एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. रसाच्या बंदीवर आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, उतारा आला. १७ लाख टन साखर होईल एवढा रस आणि मळी इथेनॉलकडे वळवायला परवानगी मिळाली. कांद्याची बंदी मात्र ४ मे २०२४ रोजी उठली, तीही टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क डोक्यावर ठेवून. मधल्या काळात लासलगाव-पिंपळगावचे लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, शरद पवार तिथे रस्त्यावर बसले. उपयोग झाला नाही. निवडणुकीत दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, तेव्हा कांद्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं.

उसाला आठ दिवस आणि कांद्याला पाच महिने, असं का? ऊस पिकवणारा जास्त संघटित आहे, हे उत्तर अर्धंच. त्या आठ दिवसांत दिल्लीचा दरवाजा वाजवला तो ऊस उत्पादकाने नव्हे. ज्यांनी व्याज सवलतीच्या कर्जावर डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या त्या कारखान्यांनी, त्यांच्या संघांनी आणि सत्तेत बसलेल्या त्यांच्याच माणसांनी वाजवला. शेतकऱ्याचं हित त्यात कारखान्याच्या हिताला बांधलेलं होतं म्हणून त्याचंही भागलं. अन्नाचं धोरण आणि इंधनाचं धोरण एकमेकांवर आदळतात, तेव्हा शेतकऱ्याचा आवाज कुणाच्या गळ्यातून निघतो, हा प्रश्न मला त्या आठवड्यापासून सोडत नाही.

इथेनॉलची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळून विकण्याचा पहिला प्रयोग २००१ साली झाला, तो मिरज आणि मनमाडच्या डेपोंमधून. तिसरी जागा उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळ. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण लागू केलं, पण दहा वर्षं गाडी रखडली. २०१३-१४ मध्ये देशाचं मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. मग सरकारने दर ठरवून द्यायला सुरुवात केली. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने मळीच्या पलीकडे जाऊन थेट रस, बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पुरती काढलेली नसते) आणि खराब धान्य यांना परवानगी दिली. दहा टक्क्यांचं उद्दिष्ट २०२२ च्या जूनमध्ये, मुदतीच्या पाच महिने आधी गाठलं गेलं. वीस टक्क्यांची मुदत २०३० होती, ती अलीकडे ओढून २०२५-२६ केली. नितीन गडकरींनी 'अन्नदाता आता ऊर्जादाता' ही घोषणा इतक्या व्यासपीठांवरून दिली की ती आता पाठ झाली आहे.

ही घोषणा निव्वळ फसवी म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. २०१८-१९ मध्ये साखरेचे ढीग पडले होते, गोदामं भरली होती, शेतकऱ्याची बिलं महिनोन्महिने थकली होती. जादा साखर तयारच होऊ न देता तिचं इंधन करणं हा शहाणपणाचा मार्ग होता. तेल कंपन्यांचे पैसे साखरेच्या विक्रीपेक्षा लवकर येतात, त्यामुळे बिलंही लवकर निघतात. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात हे शेतकरी स्वतःच कबूल करतात. तक्रार आहे ती वाट्याची.

आता थोडा हिशेब करू. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात टनभर उसाच्या रसापासून ७० लिटर इथेनॉल धरलं आहे. रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे. म्हणजे टनामागे साधारण ४,५९३ रुपये. हा दर २०२२-२३ मध्ये ठरला आणि तिथेच बसून राहिला. तेव्हापासून २०२५-२६ पर्यंत उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३०५ वरून ३५५ झाली, म्हणजे टनाला ३,०५० वरून ३,५५०. साखरेचा किमान विक्री दर तर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर अडकून पडला. कारखानदार हे आकडे पुढे करून म्हणतो, देऊ कुठून? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण एफआरपीचे ३,५५० शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत, हे तो सांगत नाही. तो दर १०.२५ टक्के उताऱ्याचा, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तरचा, आहे आणि महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. उरलेल्या रकमेत खत, पाणीपट्टी, सोसायटीचं व्याज आणि तोडणी टोळीच्या मुकादमाने 'खुशाली' म्हणून मागितलेलेही पैसे.

आणखी एक मेख आहे. बी-हेवी किंवा रस इथेनॉलला वळवला की पोत्यात कमी साखर येते, कागदावरचा उतारा घसरतो. उतारा घसरला की एफआरपी घसरणार. म्हणून वळवलेल्या साखरेचा हिशेब करून तो उतारा परत वाढवून धरावा लागतो आणि त्यासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा दाखला लागतो. २०१३ च्या राज्याच्या कायद्याने उत्पन्नातले ७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला असं ७०:३० चं सूत्र आणलं, पण त्यात बगॅस, मळी, प्रेसमड एवढेच उपपदार्थ. मळीची किंमत धरतात. त्या मळीचं पुढे इथेनॉल होऊन जे पैसे येतात ते सूत्राबाहेर. इथेनॉलमधला वाटा मागणं हे ऊस चळवळीचं नवं कलम झालं, त्याचं मूळ इथे आहे.

या चळवळीकडे हत्यार आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. धुराडी पेटण्याआधी भाव ठरवा, नाहीतर तोड नाही, असा तिचा बाणा. ऊस पंधरा-वीस दिवस जास्त उभा राहिला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, पण कारखाना बंद राहिला तर कारखान्याचं जास्त. गेट एक, काटा एक, रस्ता एक. अडवायला जागा ठरलेली. २०१२ मध्ये या आंदोलनात सांगली जिल्ह्यात वसगड्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला, ते ऐन दिवाळीचे दिवस होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये या चळवळीचे नेते राजू शेट्टींनी शिरोली पुलाची इथे पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला. मागणी होती मागच्या हंगामातले टनाला ४०० रुपये. मिळाले ते असे : ज्या कारखान्यांनी तीन हजारांच्या आत दर दिला होता त्यांनी १००, ज्यांनी वर दिला होता त्यांनी ५०. पदयात्रा, चक्काजाम, एवढं सगळं होऊन पन्नास-शंभर रुपये. हसणाऱ्यांनी हसावं, मला तो आकडा छोटा वाटत नाही, कारण इतर कुठल्याही पिकाला मागच्या हंगामाचा भाव मागून घेता येत नाही.

गेटच्या मागे कायदाही आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. थकवले तर पुण्याच्या साखर संकुलातून, म्हणजे साखर आयुक्तांकडून, जप्तीची कारवाई निघू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपीचे दोन तुकडे करायचा शासन निर्णय काढला. शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. रस्त्यावर जे टिकलं नसतं ते कागदावर टिकलं. चळवळीतल्या सगळ्यांना हा रस्ता मान्य आहे असंही नाही. रघुनाथदादा पाटलांसारखे शरद जोशींच्या वळणाचे कार्यकर्ते म्हणतात, भाव कायद्याने कशाला मागता, दोन कारखान्यांमधली पंचवीस किलोमीटरची हवाई अंतराची अट काढा, स्पर्धा झाली की भाव आपोआप मिळेल. शरद जोशी स्वतः झोनबंदीविरुद्ध, म्हणजे ऊस ठरलेल्याच कारखान्याला घालायच्या सक्तीविरुद्ध, लढले होते. त्यांच्या तर्कात बळ आहे. पण इथेनॉल हा बाजार मुळात खुला नाही. घेणाऱ्या तेल कंपन्या बहुतेक सरकारी, दर सरकारचा, कोटा सरकारचा, आणि रस कधी बंद करायचा तेही सरकारच ठरवणार. अंतराची अट काढली तरी अशा खिडकीपुढच्या रांगेत कारखाने तेवढे वाढतील.

७ डिसेंबरच्या बंदीने एक गोष्ट कायमची बदलली. रसाचा भरवसा गेला, तशी सरकारने मक्याची बाजू धरली. जानेवारी २०२४ पासून मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैशांची जादा रक्कम जोडून दर ७१ रुपये ८६ पैसे केला, सगळ्यांत वरचा. जे इथेनॉल सुरुवातीला जवळपास सगळं उसाचं होतं, त्यात २०२५-२६ च्या वाटपापर्यंत साखर उद्योगाचा वाटा २८ टक्क्यांवर आला. ४५ टक्क्यांहून अधिक एकटा मका. साखर कारखान्यांनाही आता मक्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या करायला व्याज सवलत आहे. पाण्याच्या दृष्टीने याला विरोध करता येणार नाही. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच आराखड्यात आहे. सोलापूर-मराठवाड्यात ऊस वाढवत नेण्यापेक्षा मका बरा, हे कुणीही सांगेल.

मक्याला गेट मात्र नाही.

२०२४ मध्ये ते कुणाला जाणवलं नाही, कारण भाव चढे होते. हमीभाव २,२२५ रुपये, बाजार त्याच्या आसपास किंवा वर. उलट कोंबडीवाले ओरडत होते. खाद्यात मका हा मोठा घटक, आणि डिस्टिलऱ्या तो ओढून नेत होत्या. कधीकाळी मका निर्यात करणाऱ्या या देशाने म्यानमार आणि युक्रेनहून मका आणला. करारावर शेड चालवणारा नाशिक-पुण्याकडचा पोल्ट्रीधारकही शेतकरीच आहे, पण त्याचं रडगाणं शेतकऱ्याचं म्हणून कुणी मोजलं नाही. चढा भाव बघून खरिपात मक्याचं क्षेत्र वाढलं. २०२५ मध्ये हमीभाव २,४०० झाला आणि पीक बाजारात येताच भाव कोसळले. कर्नाटकात १,६०० ते १,८०० रुपयांच्या बातम्या आल्या, तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. आपल्याकडेही बऱ्याच बाजारांत हमीभाव दिसला नाही.

पुन्हा हिशेब. आराखड्याप्रमाणे टनभर मक्याचं ३८० लिटर इथेनॉल. ७१.८६ च्या दराने २७,३०७ रुपये. मका हमीभावाने घेतला तर डिस्टिलरीकडे प्रक्रियेचा खर्च आणि नफा मिळून टनामागे ३,३०७ राहतात, पेंडीचे पैसे वेगळे. तोच मका १,८०० ने घेतला तर राहतात ९,३०७. मधले सहा हजार रुपये कुणाचे? दर वाढवताना शेतकऱ्याचं नाव घेतलं होतं. तेल कंपनीने ते पैसे पूर्ण मोजले, म्हणजे शेवटी पेट्रोल भरणाऱ्याने मोजले. डिस्टिलरीच्या दारात मात्र चौदा दिवसांचा नियम नाही, व्याज नाही, आयुक्त नाही. मका तिथे व्यापाऱ्याच्या ट्रकने जातो. कुठल्या शिवारातला, कुणाचा, काय भावाचा, याची पावती दारापर्यंत पोचतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्थांनी हमीभावाने मका घेऊन डिस्टिलऱ्यांना द्यायची योजना निघाली होती. तेव्हा बाजार तेजीत होता, तिच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. जेव्हा गरज पडली तेव्हा ती बाजाराला टेकू देऊ शकली नाही.

भर म्हणून तांदूळ. भारतीय अन्न महामंडळाने २०२४-२५ साठी ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलला काढला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा भाव क्विंटलला २,२५० रुपये केला. महामंडळाला स्वतःला तो तांदूळ याहून कितीतरी महाग पडतो. टनभर तांदळाचं ४५० लिटर, दर ५८ रुपये ५० पैसे. डिस्टिलरीला हमीभावाच्या मक्यापेक्षा टनामागे पाचशे रुपये जास्तच सुटत होते. म्हणजे पंजाब-छत्तीसगडचा हमीभावाने घेतलेला तांदूळ स्वस्तात देऊन सरकारच हमीभाव न मिळालेल्या मक्याच्या गिऱ्हाइकाला पळवतं. आणि २०२३ च्या जुलैत हाच तांदूळ, महागाईच्या भीतीने, एका झटक्यात डिस्टिलऱ्यांना बंद केला होता. भीती आली की बंद, गोदाम भरलं की सुरू.

खरा फटका अशा पिकाला बसला ज्याचा इथेनॉलशी संबंध आहे हे गावात सांगितलं तर लोक चक्रावतात. मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा राहतो तो वाळवून खाद्य म्हणून विकतात. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. टनभर मक्यामागे तीनेकशे किलो. प्रथिनं भरपूर, भाव सोयापेंडीच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली. कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात तो शिरला, तसं सोयापेंडीचं गिऱ्हाईक घटलं. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी मोठा भाग पेंड; पेंड पडली की सोयाबीन पडलं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना लातूरच्या सौद्यात चार-सव्वाचार हजारांचे भाव निघत होते. सगळा दोष चोथ्याचा नाही. जगात पेंड स्वस्त होती, खाद्यतेलाच्या आयात शुल्काचा झोका चालू होता : सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावर मूळ शुल्क वीस टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते उतरवून दहा. सोयाबीनचे वायदे तर डिसेंबर २०२१ पासून बंद. पण चोथा दर हंगामाला वाढत जाणार आहे, ही बाब वेगळी. एका शेतकऱ्याच्या मक्याला मिळालेला आधार दुसऱ्याच्या सोयाबीनच्या पायाखालची माती काढतो. मराठवाड्यात पुष्कळदा हे दोन शेतकरी एकच असतात.

सोयाबीनवाल्यांनी आंदोलनं केली नाहीत असं नाही. बुलढाण्यात शेतकरी नेते रविकांत तुपकरांनी एल्गार मोर्चे काढले, नोव्हेंबर २०२२ मध्ये अरबी समुद्रात जलसमाधीचा इशारा देत कार्यकर्ते मुंबईला निघाले. २०२४ च्या लोकसभेला अपक्ष उभे राहून त्यांनी अडीच लाखांच्या आसपास मतं घेतली. पण मोर्चा जातो कुठे? जिल्हाधिकारी कचेरीवर, विमा कंपनीच्या दारावर, मंत्रालयावर. सोयाबीनचा भाव ठरतो तो तेलाच्या बंदरावर, पेंडीच्या निविदेत आणि आता डिस्टिलरीच्या चोथ्यात. यातल्या एकाही ठिकाणी ट्रॅक्टर आडवा लावता येत नाही. हमीभाव खरेदीचं केंद्र हेच काय ते गेट, तर तिथे ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून माल परत आणि घेतला तर बारदाना नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचं मतदान तोंडावर असताना, ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्के झाली. सभांमधून एकीकडून सहा हजार, दुसरीकडून सात हजार भावाचे आकडे फेकले गेले. मतमोजणी झाली, सोयाबीन चार हजारांवरच होतं.

विजेच्या बाबतीत चळवळीला जमलं ते इथे का जमत नाही, असं कुणी विचारेल. शेतीपंपाला दिवसा वीज द्या म्हणून २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या बसला. रात्री दारं धरायला जाणाऱ्याला साप-बिबट्या दिसतो, तो प्रश्न कुणालाही कळतो. पुढे सौर कृषी वाहिनीला वेग आला, २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ झालं. तिथे वीज देणारा एकच होता, त्याचं कार्यालय माहीत होतं. इंधनाच्या धोरणात शेतकऱ्याचा देणेकरी कोण, हेच पुसट करून ठेवलं आहे. 'डीडीजीएस' ही काही घोषणा देण्याजोगी चीज नाही.

पण पुसट रेघ ठळक करता येते, याचा ताजा दाखला उसातच आहे. मोठ्या खांडसरी अनेक वर्षं नियंत्रणाबाहेर होत्या, त्यांना एफआरपीचं बंधन नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात नवा साखर नियंत्रण आदेश आला, त्यात दिवसाला ५०० टनांवर गाळप करणाऱ्या खांडसरींना कक्षेत घेतलं, उसाला एफआरपी मिळावी हे कारण सांगून. धान्याच्या डिस्टिलऱ्यांना तसंच घेता येईल. तेल कंपन्या दरवर्षी निविदा काढतात, कच्च्या मालाप्रमाणे वेगळा दर देतात, म्हणजे लिटर कशाचं आहे याचा हिशेब त्या आत्ताच ठेवतात. मक्याचा दर हवा तर मका हमीभावाने घेतल्याच्या, शेतकऱ्याच्या खात्यात पैसे गेल्याच्या पावत्या जोडा, एवढी एक अट पुरे. आणि दरवर्षी किती मका, किती तांदूळ इंधनाला जाणार हे पेरणीआधी, मे महिन्यात, जाहीर करा. डिसेंबरात गुरुवारी नको.

यासाठी मक्याच्या, सोयाबीनच्या आणि उसाच्या चळवळींना एका मागणीपत्रावर सह्या कराव्या लागतील. उसवाल्यांना मक्याने आपला कोटा खाल्ला असं वाटतं, सोयाबीनवाल्यांना मक्याने आपली पेंड मारली असं वाटतं, आणि मक्यावाल्यांची म्हणावी अशी संघटना अजून उभीच राहिलेली नाही. जयसिंगपूरच्या ठरावांत उद्या मक्याचं कलम आलं तर ते पहिल्यांदा शिरोळच्या ऊस उत्पादकालाच समजावून सांगावं लागेल, आणि ते काम सोपं नाही. त्याच्या कारखान्याची डिस्टिलरीही आता मक्यावर चालायला निघाली आहे. तो तिथला सभासद आहे, म्हणजे मका स्वस्तात मिळावा असं वाटणाऱ्यांच्या बाजूला तोही बसलेला आहे.